गडग्यापलीकडची हाक

खाजणवाडीतली ती सकाळ रोजच्यासारखीच उजाडली होती. खाडीवरचा खारा वारा माडांच्या झावळ्यांतून हात फिरवत होता. राऊळांच्या स्वयंपाकघरात बिडाच्या तव्यावर आंबोळी जाळीदार फुलत होती आणि भार्गवी एका हाताने ती सुटते का बघत, दुसऱ्या हाताने केसांना रबर लावत होती. मालवणातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती समाजशास्त्र शिकवायची. पहिला तास तिचाच होता.

"भार्गवी गो, आसस मां?"

हाक गडग्यावरून आली. राऊळांचं परसू आणि मथुरेचं परसू यांच्यामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा होता. त्या गडग्यावरून कितीतरी वर्षं वाटीभर खोबरं, नव्या तांदळाची पेज, बाळंतिणीचे लाडू, माहेरच्या आठवणी असं सगळं इकडून तिकडे जात आलं होतं. पलीकडे मथुरा उभी होती. नवरा जाऊन दोन पावसाळे झालेली, एका मुलीची आई. छातीशी तिने कापडी पिशवी धरली होती. पिशवीतून खणाचा हिरवा काठ डोकावत होता.

"बोला मावशी, बेगीन बोला. माका उशीर झालो हा."

"गो, संचिता लेप्टोच्या तापान पडली हुती, तेवा मी सातेरीक बोललंय. पोर उठली तर तुजी ओटी भरीन म्हणान. पोर उठली. आता नवरात्र इला. पण माजो हात देवीक चलाचो नाय. तू सवाशीण. माज्या नावान तू भरशीत?"

भार्गवी हसली. उशिराच्या घाईत माणूस हसतं तसं.

"मावशी, नवस कोणी केल्यान? तुमी. ताप कोणाच्या पोरीचो गेलो? तुमच्या. मगे ओटी माज्या हातान कित्याक? तुमीच भरा. कायद्यान तुमका कोण अडवूचो नाय."

"आणि गाव काय म्हणतलो?"

"गाव म्हणजे कोण ओ मावशी? तुमी आमीच मां?"

स्कूटर सुरू करता करता तिने हे वाक्य मागे टाकलं. तिला ते पुन्हा आठवलंही नाही. मथुरेने मात्र ते पदराच्या गाठीत बांधून घेतलं. शिकलेल्या सुनेने सांगितलं होतं, आणि तीही गावच्या मानकऱ्याची सून.

अष्टमीच्या दिवशी मथुरेने स्वतःच्या हाताने सातेरीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सुपारी. भरताना तिचे डोळे वाहत होते. देऊळ तेव्हा रिकामं होतं, पण गावाच्या देवळाला डोळे नसतात असं थोडंच आहे?

एरवी ही गोष्ट कुजबुजीतच विरली असती. पण त्या वर्षी पाऊस जाता जाता पुन्हा कोसळला. कापणीला आलेलं भात आडवं झालं, लोंब्यांना मोड आले. माणसाचं नुकसान झालं की त्याला कोणीतरी दोषी लागतं, आणि ढगाला काही देवळात बोलावता येत नाही.

मथुरेला बोलावलं.

भार्गवीचे सासरे बाबूतात्या गावचे मुख्य मानकरी. देवळातलं गाऱ्हाणं तेच घालायचे. उंच, कृश, आवाज शंखासारखा. सगळे मांडवात बसले. बायका मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. पिठाची गिरण आणि किराणा दुकान चालवणारा गुरुप्रसाद पहिल्यांदा बोलला.

"तात्यानू, जिच्या कपाळार कुकू नाय तिची ओटी देवी घेता काय? आमचा भात कुजला ता उगीच?"

मथुरा उभी राहिली. "देवीपण बायलमाणूसच मां रे गुरुप्रसादा? तिका माजी ओटी टोचली काय, ता तिकाच विचार."

"विचारतांव तर!"

देवीच्या पाषाणाला फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर देवी रागावली, डावा पडला तर नाही, असं ठरलं. पावसाळी दमट हवेत दोन्ही कळे आधीच सुटत आले होते. उजवा जरा आधी पडला, एवढंच.

"तुका ही बुद्धी दिल्यान कोणी?" तात्यांनी विचारलं. आवाजात राग कमी, दुःखच जास्त होतं. मथुरेच्या नवऱ्याबरोबर ते लहानपणी खाडीत पोहले होते.

मथुरेची नजर बायकांच्या घोळक्याकडे गेली. भार्गवीच्या चेहऱ्यावर ती क्षणभर टेकली. आता नाव येणार. आलं असतं तर बरं झालं असतं, हे तिला पुढे फार उशिरा कळलं.

"कोणी नाय," मथुरा म्हणाली. "माजीच बुद्धी."

"मगे नाक घास देवीफुडे. चुकलंय म्हण."

"चुकलंय असा माका वाटाक नाय तात्यानू. खोटा कसा घासू?"

तेव्हा तात्या उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकट्याची प्रार्थना नव्हे. एक जण मागतो आणि सगळा गाव होकार भरतो. ज्याचा आवाज त्यात नाही तो गावात नाही.

"हे माये सातेरी म्हाराजा! तुजी मर्यादा जिणा मोडल्यान, तिच्या घराक आजपासून गावचो विस्तव नाय, पाणी नाय, येवक-जावक नाय. जो कोण देयत, तो तिच्याच वांगडा भायर!"

"व्हय म्हाराजा!"

छप्पर हादरलं. पुरुषांचे आवाज, मागून बायकांचे. भार्गवीचे ओठही हलले. तिने स्वतःला समजावलं, आवाज कुठे निघाला, नुसते ओठच तर हलले. आणि वैशाखात नणंदेचं, भक्तीचं, लग्न ठरलं होतं. वराकडची माणसं याच देवळाची. एका शब्दाने पोरीचं लग्न मोडलं असतं.

अशी कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गुरुप्रसादच्या दुकानात मथुरेला मीठ मिळेना. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून संचिताचं नाव गेलं. वाडीतल्या दोन्ही रिक्षा मायलेकींना बघून वेग वाढवू लागल्या. गिरणही तिला बंद झाली तेव्हा मथुरेने माळ्यावरचं सासूचं जातं खाली ओढलं. त्या दिवसापासून रोज सकाळी गडग्यापलीकडून जात्याची घरघर येऊ लागली आणि तिच्या पाठीवर बसून ओवी.

*दळण दळीता, माजो जीव गे एकलो*
*गावान माज्या दारचो, दिवो इझयलो*

*शेजारणी बाये, मधी गडगो दगडाचो*
*तुज्या माज्या मायेक, पहारो गे कोणाचो*

भार्गवी आंबोळी उलटायला विसरायची. घरभर जळका वास सुटायचा. "सूनबाय, लक्ष खंय?" असं विचारताना बाबूतात्यांचंही लक्ष ठिकाणावर नसायचं. ऐकू त्यांनाही येत होतं. ओवीतलं नाव न घेतलेलं माणूस कोण, हे मात्र घरात भार्गवीला एकटीलाच ठाऊक होतं.

यज्ञेश, तिचा नवरा, देवबागला पर्यटकांसाठी खोल्या चालवायचा. आठवड्यातून दोनदा घरी यायचा. एकदा तिने त्याला सगळं सांगितलं.

"भक्तीचा लगीन होवंदे," तो म्हणाला. "मगे बगू."

संचिता तिच्याच वर्गात होती, अकरावीला. पौष महिन्यातल्या एका दुपारी शिकवायचा विषय आला: विचलन, गुन्हा आणि गुन्ह्यांचं वर्गीकरण. भार्गवीने फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. ती चांगलं शिकवायची. मुलांना तिचा तास आवडायचा.

"समाजाला रुचत नाही ते वागणं म्हणजे विचलन. कायद्याने ज्याला शिक्षा सांगितली तो गुन्हा. एखादी मुलगी होडी घेऊन मासेमारीला निघाली, लोक नाक मुरडतील. विचलन असेल, गुन्हा नाही. उलट काही गोष्टी गुन्हा असतात, पण समाजाला त्यांत काहीच वावगं वाटत नाही." तिने घाईने फळ्यावर पुढची ओळ लिहिली. "आता गुन्ह्याचे प्रकार. दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून दखल घ्यायची, वॉरंटशिवाय अटक करता येते. अदखलपात्र, म्हणजे..."

तिसऱ्या बाकावरून हात वर आला. संचिताचा.

"मॅडम, एका माणसानं केला तर त्याच्या नावावर लिहितात. सगळ्या गावानं मिळून केला तर तो गुन्हा कोणाच्या नावावर लिहितात?"

वर्गात कोणी तरी खुसखुसलं. "अख्ख्या गावाक हातकडी!" मागून एक जण म्हणाला आणि हशा पिकला.

भार्गवीने खडू बोटांत फिरवला. मुलीच्या डोळ्यांत आरोप नव्हता. खरोखरच तिला उत्तर हवं होतं.

"हे परीक्षेला येणार नाही," भार्गवी म्हणाली. "पुढे चला."

संचिताने हात खाली घेतला. पुढच्या तासांना तो पुन्हा वर झाला नाही.

फाल्गुन लागला. काजूची बोंडं पिकली, उतारावर आंबूस-गोड वास दरवळू लागला. वाळक्या पानांखाली पडलेल्या बिया मथुरा वेचत होती. भार्गवीला त्या दिवशी सुट्टी होती. पडवीत तात्या सुपारी कातरत बसले होते. खळ्यात स्कूटर उभी होती, चावी गाडीलाच लावलेली.

"भार्गवी गो!"

किती तरी महिन्यांनी ती हाक आली. पण तिचा सूर वेगळा होता.

"भार्गवी, फुरसा चावला गो माका! पायाक! गाडी काढ गो बाय!"

भार्गवी धावत मागच्या दारात आली. गडग्याला धरून मथुरा वाकली होती. संचिता आपल्या ओढणीने तिच्या पोटरीला फास आवळत होती, मधे काटकी घालून पीळ देत होती. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं. कान आणि खांद्याच्या मधे तिने फोन दाबून धरला होता. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता.

भार्गवीने मागे वळून पाहिलं. पडवीतला अडकित्ता थांबला होता.

तात्या तिच्याकडे बघत नव्हते. ते खाडीकडे बघत होते. हळूच म्हणाले, "दार लोटून घी."

वाचकहो, दार कोणी लोटलं? सांगणारे तात्या, पण हात भार्गवीचा. तिने कडीसुद्धा लावली नाही, नुसतं लोटलं. लोटलेल्या दाराच्या फटीतून आणखी दोनदा हाक आली. मग नुसते पाय ओढल्याचे आवाज, पाणंदीच्या दिशेने. स्कूटरच्या आरशात ऊन चमकत राहिलं.

पोरीने आईला अर्धी उचलून, अर्धी ओढून हमरस्त्यापर्यंत नेलं. देवबागला बर्फ पोचवून परत येणारा एक टेम्पो थांबला. त्या चालकाला या गावातलं काही माहीत नव्हतं. म्हणून तो थांबला.

मथुरा वाचली. पाय वाचला नाही. पाय पार काळपट पडेपर्यंत गाठ घट्ट राहिली होती, खालचं रक्त थांबलं होतं. घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

भार्गवी जिल्ह्याच्या इस्पितळात गेली ती पेजेचा डबा घेऊन, घरात कोणाला न सांगता. मथुरेला गुंगी होती. बाहेरच्या बाकावर संचिता गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"कॉलेजात येणार ना गो आता?"

"नाही मॅडम. नाव काढतंय." संचिता आपल्या तळहातांकडे बघत होती. "डॉक्टर बोलले, इतक्या घट्ट बांधूक नको होता. लगेच आणलं असतं तर सोडून औषध देता आलं असतं. मी बांधलंय. माज्या हातान आयेचो पाय गेलो."

"तुझ्या हाताने नाही गो!"

"मगे कोणाच्या?"

डबा भार्गवीच्या मांडीवर तसाच राहिला. वर्गात न दिलेलं उत्तर इस्पितळाच्या त्या बाकावर पुन्हा तिच्यासमोर येऊन बसलं होतं. सोळा वर्षांची एक मुलगी गावाचा गुन्हा एकटीच्या अंगावर घेऊन आयुष्यभर चालणार होती, कारण तो दुसऱ्या कोणी आपला म्हटला नव्हता.

त्या रात्री नव्हे, तिथेच, बाकावर बसून भार्गवीने फोनवर कायदा शोधला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात केव्हाच झाला होता. नाव तिला माहीत होतं, वर्गात एका ओळीत तिने ते सांगितलंही असतं. आता तिने कलमं वाचली. बहिष्कार घालणारा दोषी. चिथावणी देणारा दोषी. ज्या बैठकीत तो ठरला त्यात सामील होऊन बाजूने मत देणाराही दोषी. गुन्हा दखलपात्र.

बाजूने मत देणारा. म्हणजे "व्हय म्हाराजा".

हललेल्या ओठांना कायद्यात वेगळा रकाना नव्हता.

शिमग्याला गाव पुन्हा देवळाच्या मांडवात जमला. ढोल गरम झाले होते, पोरं नाचायला उतावीळ. भक्ती नवी साडी नेसून मैत्रिणींत उभी होती. तात्या पाषाणासमोर हात जोडून उभे राहिले. या वर्षी त्यांचा आवाज जरा खरखरीत होता.

"हे माये सातेरी म्हाराजा! आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंच्या पोराबाळांक, गुराढोरांक, काजी-आंब्यांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!"

"जिणा तुजी मर्यादा मोडल्यान, तिका तिच्या कर्माचा फळ तुया दिलंस. गावार त्येचो दोष ठेवू नको."

"व्हय..."

"नाय म्हाराजा!"

आवाज बायकांच्या बाजूने आला होता. होकार अर्ध्यावर तुटला. ढोलावर टेकलेला कोणाचा तरी हात घसरला आणि एक पोकळ ठोका पडला.

भार्गवी खांब सोडून पुढे आली.

"नाय म्हाराजा. फळ देवीन नाय दिल्यान, आमी दिलांव. मथुरामावशी माका सांगूक इली हुती, माज्या नावान ओटी भर म्हणान. मी तिका सांगितलंय, तूच भर. बुद्धी माजी हुती. तिना माजा नाव घेवक नाय. आणि तिका फुरसा चावला तेवा मी दार लोटून घेतलंय. दोष गावार आसा. पयलो माज्यार."

"तात्यानू, सुनेक आवरा!" गुरुप्रसाद ओरडला. "शाळा हय काढूक नको म्हणा!"

भक्ती रडत होती. वराकडचे दोघं मांडवातून उठले. भार्गवीने ते पाहिलं. त्या पोरीचं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ही टोचणी आता कायमची होती. एका पोरीच्या वाट्याचं दुःख टाळायला दुसऱ्या पोरीच्या पदरात टाकलेलं तिने पाहिलं होतं. यातून स्वच्छ हातांनी बाहेर पडायची वाट तिला राहिली नव्हती.

तात्यांनी जोडलेले हात सोडले. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गवीने संचिताला स्कूटरवर मागे बसवलं. इस्पितळातून घरी आलेली मथुरा आधी नको म्हणत होती. "गावाक कोर्टात कसो नेव गो? सगळे माजेच." मग लेकीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "जावा. माज्या पायासाठी नको. हिच्या हातांसाठी जावा."

पोलीस ठाण्यात हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. फिर्यादी म्हणून संचिताचं नाव लिहिलं. मग पेन थांबवून वर पाहिलं.

"आरोपींची नावं सांगा. 'सगळा गाव' असं लिहून भागत नाही, नावं लागतात."

संचिताने भार्गवीकडे पाहिलं. वर्गात हात वर करताना पाहिलं होतं, अगदी तसंच.

"पहिलं नाव लिहा," भार्गवी म्हणाली. "भार्गवी यज्ञेश राऊळ."

"तुम्ही तर हिच्या सोबत आलात ना?"

"सोबत आत्ता आले. तेव्हा नव्हते."

हवालदारांनी लिहिलं. "दुसरं?"

लग्न होऊन आल्यापासून भार्गवीने सासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. आमच्याकडच्या सुना घेत नाहीत. बँकेत, दवाखान्यात कोणी विचारलं तर ती यज्ञेशला पुढे करायची. लग्नानंतर तिचं शिक्षण थांबू नये म्हणून याच माणसाने भावकीशी भांडण काढलं होतं. बाजारात सुरमई आली की डोक्याचा तुकडा न बोलता तिच्या ताटात पडायचा. देवळातून घरी आल्यावर काल त्यांनी ताट तसंच मागे सारलं होतं. आणि आज ती निघाली तेव्हा ते पडवीत बसले होते. ती कुठे जाते हे त्यांना कळलं होतं. त्यांनी अडवलं नव्हतं. दारही लोटून घेतलं नव्हतं.

"मॅडम, दुसरं नाव?"

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मोठ्यांचं नाव घ्यायचं होतं.

"बाबू," ती म्हणाली. "बाबू दत्ताराम राऊळ."

शेजारी बसलेल्या संचिताने मांडीवरचे आपले दोन्ही तळहात हळूच उलटे केले, जणू त्यांच्यावरचं काही तरी उतरवून ठेवलं.

पेन कागदावर चाललं, थांबलं.

"अजून?" हवालदारांनी विचारलं. "अजून कोण कोण 'व्हय' म्हणाला?"